रूट कॅनाल: पहिल्या एक्स-रेपासून कॅपपर्यंत, मध्ये न सोडता

दाढ ठणकते, डॉक्टर ती उघडतात आणि त्या रात्री शांत झोप लागते. गडबड इथूनच सुरू होते. पेशंटच्या लेखी काम झालेलं असतं, डॉक्टरांच्या लेखी ते नुकतंच हातात घेतलेलं असतं. मग पुढचं सिटिंग लांबतं, तात्पुरतं सिमेंट झिजतं, दाढेवर टोपीसारख्या बसणाऱ्या कॅपचं ‘दिवाळीनंतर बघू’ होतं आणि एक दिवस भाकरीच्या तुकड्यावर तीच दाढ उभी चिरते. तेव्हा ‘रूट कॅनाल टिकत नाही’ असं म्हटलं जातं. खरं तर ते पूर्णच झालेलं नसतं.

खाली सगळे टप्पे क्रमाने दिले आहेत. डॉक्टरांचं काम डॉक्टर करतील. तुम्ही काय विचारायचं, काय सांगायचं, कुठे थांबायचं नाही आणि कुठे लगेच फोन करायचा, यावर इथे भर आहे.

## १. आधी निदान: कुठली दाढ आणि नस कुठल्या अवस्थेत

दाताच्या आत एक पोकळी असते. तिच्यात मऊ पेशी, रक्तवाहिन्या आणि चेता असतात, या सगळ्याला आपण सरसकट ‘नस’ म्हणतो. ही पोकळी मुळांमध्ये बारीक नळ्यांच्या रूपात उतरते, त्या नळ्या म्हणजे कॅनाल. आतली नस काढून, या नळ्या साफ करून भरून टाकणं म्हणजे रूट कॅनाल. वरच्या पटाशीच्या दातांत साधारण एकच कॅनाल असतो. खालच्या मोठ्या दाढेत बहुधा तीन, कधी चार. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेत पुष्कळदा चार असतात आणि त्यातला चौथा सापडायला अवघड असतो. पुढच्या दाताला कमी वेळ आणि कमी पैसे का लागतात, याचं उत्तर यातच आहे.

नस कुठल्या अवस्थेत आहे याचा अंदाज लक्षणांवरून येतो. डॉक्टरांकडे जाण्याआधी एवढं नीट आठवून ठेवा:

- गार लागल्यावर सणक येते, पण दोन-चार सेकंदांत जाते. नस चिडलेली आहे, पण वाचू शकते. कीड काढून सिमेंट भरल्यावर भागण्याची शक्यता असते.
- गार पाणी गिळून झाल्यावरही कळ अर्धा मिनिट किंवा जास्त रेंगाळते, काही न खाता ठणका उठतो, आडवं झालं की वाढतो. ही नस पूर्ववत होणाऱ्यांतली नसते. रूट कॅनाल लागतं, किंवा निवडक दाढांत नसेचा फक्त वरचा भाग काढून खास सिमेंट बसवतात. त्याला पल्पोटॉमी म्हणतात. आपल्या दाढेत ते शक्य आहे का, हे विचारायला हरकत नाही.
- गार अजिबात कळत नाही, चावताना दाढ उंच झाल्यासारखी वाटते, हिरडीवर पुळी येते आणि फुटते. नस बहुधा मेलेली आहे आणि संसर्ग मुळाच्या टोकाबाहेर हाडात गेला आहे.

सावध: चार दिवस जीवघेणा ठणका आणि पाचव्या दिवशी सगळं गप्प, याचा अर्थ दाढ बरी झाली असा नसतो. दुखणं जाणवून देणारी नसच मेलेली असते. संसर्ग आत चालूच राहतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सूज घेऊन परततो.

दुखरी दाढ कुठली हे पेशंटला छातीठोक सांगता येतंच असं नाही. खालची दुखते असं वाटतं आणि दोष वरच्या दाढेत निघतो. सायनस भरलेला असेल तर वरच्या दोन-तीन दाढा एकदम दुखतात. म्हणून डॉक्टर शेजारच्या आणि समोरच्या बाजूच्या दातांवरही गार लावून बघतात, आरशाच्या दांड्याने हलकेच ठोकून बघतात. याला वेळखाऊपणा समजू नका.

तपासा: त्या दाढेचा जवळून काढलेला छोटा एक्स-रे (आयओपीए) झाला का? संपूर्ण जबड्याचा ओपीजी एक नजर टाकायला उपयोगी, पण मुळाच्या टोकाचे बारकावे छोट्या एक्स-रेत जास्त नीट दिसतात. एका ओपीजीवर बोट ठेवून तीन-चार रूट कॅनाल सुचवले असतील तर प्रत्येक दाढेची वेगळी तपासणी करून घ्या.

## २. होकार देण्याआधी चार गोष्टी विचारा

दाढ वाचवण्याजोगी आहे का? कॅनाल साफ करणं बहुतेक वेळा जमतं. खरा प्रश्न हिरडीबाहेर दिसणाऱ्या दाताचा असतो. कीड काढल्यावर हिरडीच्या वर सगळ्या बाजूंनी निदान दीड ते दोन मिलिमीटर निरोगी दात उरायला हवा, कारण कॅप त्या कड्याला धरून बसते. एवढं उरत नसेल, मूळ उभं चिरलेलं असेल किंवा दाढ फार हलत असेल, तर रूट कॅनालवर पैसे घालण्यापेक्षा ती काढून पुढचं नियोजन करणं प्रामाणिकपणाचं. वाकड्या अक्कलदाढेसाठीही सहसा हाच सल्ला मिळतो.

खर्चात काय काय धरलं आहे? ‘रूट कॅनाल एवढ्यात’ असा आकडा सांगितला जातो तेव्हा त्यात कधी फक्त कॅनालचं काम असतं. एक्स-रे, वरचं पक्कं फिलिंग म्हणजे कोअर, लागलाच तर पोस्ट (कोअरला धरायला मुळात बसवायची काडी), आणि कॅप असे चारही आकडे एका कागदावर मागा. कॅपचे पैसे नंतर कळले की कॅप राहून जाते आणि दाढ तिथेच गमावली जाते.

किती सिटिंग आणि किती दिवसांत? नस जिवंत असेल, पू नसेल तर एका बैठकीतही काम होऊ शकतं. सूज, पू, जुना संसर्ग असेल तर दोन-तीन सिटिंग लागतात. सिटिंग कमी म्हणजे डॉक्टर भारी, असं काही नसतं. परदेशातून तीन आठवड्यांच्या सुट्टीत येणाऱ्यांनी पहिल्या दोन-तीन दिवसांतच काम सुरू करावं. शेवटच्या आठवड्यात उघडलेली दाढ तात्पुरत्या सिमेंटवर विमानात बसते.

रबर डॅम लावणार का? हा पातळ रबराचा पडदा फक्त ती दाढ बाहेर ठेवतो. थुंकीतले जंतू आत जात नाहीत, औषधं आणि बारीक सुया घशात जात नाहीत. रबराची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, लेटेक्स नसलेलाही मिळतो.

अवघड दाढ असेल, म्हणजे वाकडी मुळं, आधी एकदा झालेलं रूट कॅनाल किंवा वयामुळे अरुंद झालेले कॅनाल, तर ‘कन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री अँड एंडोडॉन्टिक्स’ या विषयातले एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर पदवी घेतलेले दंतवैद्य, बघा. पैशांची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय हे पर्याय आहेत. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त होतात, तेवढी तयारी ठेवून जावं.

## ३. जाण्याआधीची तयारी

तोंड किती उघडतं ते घरी बघा. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पटाशीच्या दातांमध्ये घालून बघा. तीन सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू आखडतं आणि मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोचतच नाही. खुर्चीत बसल्यावर हे कळलं तर तो दिवस फुकट जातो.

औषधांची यादी न्या. ‘बीपीची एक गोळी आहे’ एवढ्याने भागत नाही. पाकिटाचा फोटो काढून न्या.

- रक्त पातळ करणारी गोळी (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा नवीन प्रकारातली) स्वतःहून बंद करू नका. रूट कॅनालसाठी ती सहसा थांबवावी लागत नाही आणि थांबवल्याचा धोका दाताच्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी मोठा असतो. वॉरफरिन चालू असेल तर अलीकडचा आयएनआर रिपोर्ट (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा) जवळ ठेवा.
- हृदयाची झडप बदललेली असेल, पूर्वी हृदयाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग झालेला असेल किंवा जन्मजात काही दोष असेल तर उपचाराआधी अँटिबायोटिकचा एक डोस लागू शकतो. आधी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.
- मधुमेह असेल तर नेहमीचं औषध आणि नेहमीचं खाणं दोन्ही वेळेवर घेऊन सकाळची वेळ घ्या.
- हाडं ठिसूळ झाल्याबद्दल झोलेड्रॉनिक ॲसिडसारखं इंजेक्शन किंवा तशी गोळी चालू असेल तर अवश्य सांगा. अशांमध्ये दात काढण्यापेक्षा रूट कॅनाल बहुधा अधिक सुरक्षित ठरतं.
- गरोदरपणात चौथा ते सहावा महिना सोयीचा. पण पू झाला असेल तर वाट बघण्यात धोका असतो. दिवस गेल्याची नुसती शंका असली तरी एक्स-रेआधी सांगा.
- पेनिसिलिन किंवा एखाद्या वेदनाशामक गोळीने कधी अंगावर पुरळ, ओठांना सूज, दम असं काही झालं असेल तर ते केसपेपरवर लिहून घ्या.

पोटभर खाऊन जा. इंजेक्शनच्या वेळी चक्कर येणाऱ्यांत रिकाम्या पोटी आलेले बरेच असतात. नंतर दोन-तीन तास ओठ-गाल बधिर राहतात, म्हणून धड खाताही येत नाही. त्या दिवशी संकष्टी आली असेल तर अपॉइंटमेंट पुढे ढकला किंवा उपवास सोडा, दोन्ही एकदम नको.

सावध: दुखऱ्या दाढेजवळ ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते आणि पांढरी पडते. लवंगेचं तेल कापसाला एक थेंब, तेही कीड लागलेल्या खड्ड्यात, इथपर्यंत ठीक. हिरडीवर चोळलं तर जखम होते. आणि घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊन येऊ नका. नसेच्या ठणक्यावर त्यांचा उपयोग नाही. सूज किंवा ताप असेल तेव्हाच त्यांची गरज असते आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं.

## ४. पहिलं सिटिंग: खुर्चीत काय घडतं

१. बधिर करणं. इंजेक्शननंतर खालच्या दाढेला दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं. ओठाचा अर्धा भाग जड झाला म्हणजे दाढ बधिर झालीच असं नाही. खूप ठणकणाऱ्या दाढेवर पहिल्या इंजेक्शनचा परिणाम अपुरा पडतो, हे अगदी नेहमीचं आहे. दुखलं तर हात वर करा, आणखी इंजेक्शन देता येतं, दाढेच्या बाजूला किंवा थेट नसेतही देतात. सोसत बसण्यात शौर्य नाही. तुम्ही दचकलात तर आत हत्यार असतं. इंजेक्शननंतर मिनिटभर छाती धडधडली तर घाबरू नका, त्यातल्या ॲड्रिनलिनमुळे तसं होतं.

२. कीड काढून दाढ उघडणं. आधी सगळी कीड, जुनं सिमेंट निघायला हवं. मागे राहिलेल्या किडीवर केलेलं रूट कॅनाल खालून पुन्हा खराब होतं.

३. लांबी मोजणं. हा भाग बारकाईने समजून घेण्यासारखा आहे. कॅनालमध्ये घालायच्या सुईला फाईल म्हणतात. १५ नंबरच्या फाईलचं टोक ०.१५ मिलिमीटर जाड असतं. तिच्यावर रबराची छोटी चकती सरकवलेली असते. फाईल आत जाते, ॲपेक्स लोकेटर नावाचं यंत्र मुळाचं टोक आलं की आवाज देतं, चकती दाढेच्या चावायच्या बाजूच्या टोकाशी टेकवतात आणि फाईल बाहेर काढून पट्टीवर मोजतात. काम मुळाच्या टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे थांबवायचं असतं. कमी गेलं तर घाण मागे राहते, जास्त गेलं तर टोकाबाहेरचं हाड दुखावतं. ओठाला अडकवलेली तार त्या यंत्राचीच असते. ती काढू नका आणि यंत्र चालू असताना बोलू नका.

४. साफ करणं. फाईल कॅनालला आकार देते, जंतू मात्र औषधाने मरतात. सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीचच्या जातीचं जंतुनाशक) पुन्हा पुन्हा आत सोडून काढतात. फाईल जिथे पोचत नाही तिथे हे द्रावण पोचतं, म्हणून त्याला वेळ द्यावा लागतो. दाढेचं पूर्ण रूट कॅनाल पंधरा मिनिटांत उरकलं असेल तर या पायरीला पुरेसा वेळ मिळाला का, हा प्रश्न रास्त आहे.

सावध: घशात ब्लीचसारखी तिखट चव आली किंवा धुताना अचानक भयंकर आग झाली तर ताबडतोब हात वर करा. औषध मुळाबाहेर गेलं असेल तर तिथल्या तिथे थांबून उपाय करावा लागतो.

५. मधलं औषध आणि तात्पुरतं सिमेंट. पुढचं सिटिंग असेल तर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट भरतात आणि वर तात्पुरतं सिमेंट लावतात.

तपासा: निघण्याआधी विचारा: ‘किती कॅनाल मिळाले? सगळे पूर्ण लांबीपर्यंत साफ झाले का? आत काही राहिलं आहे का?’ कधी कधी फाईलचा तुकडा आत तुटतो. म्हणून दाढ गेलीच असं होत नाही, पण तुम्हाला ते सांगितलं गेलं पाहिजे आणि केसपेपरवर लिहिलं गेलं पाहिजे.

## ५. दोन सिटिंगमधले दिवस

सगळ्यात जास्त चुका याच दिवसांत होतात.

पहिले काही तास. बधिरपणा जाईपर्यंत गरम चहा नको, चावून खाणं नको. गाल आणि जीभ चावली गेली तरी तेव्हा कळत नाही, संध्याकाळी कळतं. लहान मुलांवर तर लक्षच ठेवावं लागतं. नंतर मऊभात, दहीभात, खिचडी, उपमा असं दुसऱ्या बाजूने खा.

दुखणं. दोन-तीन दिवस चावताना दुखणं अपेक्षित आहे. ‘नस काढली, मग दुखतंय कसं?’ हा प्रश्न हमखास येतो. दाढ हाडात एका पातळ पडद्याने धरलेली असते आणि त्या पडद्याला स्वतःची संवेदना असते. तो सुजलेला असतो, म्हणून चावलं की दुखतं. हे दुखणं दर दिवशी कमी व्हायला हवं. तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त असेल तर फोन करा.

गोळ्या. डॉक्टरांनी लिहून दिलेलीच घ्या, जेवणानंतर घ्या आणि भूल उतरायच्या आधी पहिली घ्या. ठणका वर आल्यावर तो दाबायला जास्त वेळ लागतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक ही एकाच जातीची औषधं आहेत. त्यातली दोन एकदम घेऊ नका. पोटात अल्सर, किडनीचा त्रास, अशा गोळीने दमा उठणं, रक्त पातळ करणारं औषध किंवा डेंग्यूची शंका असेल तर ही जात टाळा आणि पॅरासिटामॉलबद्दल विचारा. पॅरासिटामॉलही स्वतःहून २४ तासांत ३ ग्रॅमच्या वर नको. सर्दीच्या गोळीत आणि वेदनाशामकांच्या जोडगोळीत ते आधीच असतं, पाकिटावर वाचून बेरीज करा. यकृताचा त्रास असेल किंवा रोजचं पिणं असेल तर मर्यादा आणखी खाली येते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

तात्पुरतं सिमेंट. ते लाळेने हळूहळू घट्ट होतं, म्हणून पहिला तासभर त्या बाजूला काही नको. दुसऱ्या दिवसापासून वरचा थोडा भुगा निघाला तर चालतं, निदान साडेतीन-चार मिलिमीटर जाड थर खाली असला की झालं. जीभ लावल्यावर खड्डा खोल लागला किंवा आतलं पांढरं औषध चवीला आलं तर मात्र एक-दोन दिवसांत पुन्हा भरून घ्या. खड्ड्यात कापूस, लवंग, च्युइंगगम कोंबू नका. फोडलेली सुपारी, चिक्की, चकली, ऊस या गोष्टी दाढ पूर्ण होईपर्यंत बंद.

हे सिमेंट दोन-तीन आठवड्यांच्या हिशेबाने लावलेलं असतं. त्यानंतर कडेने लाळ झिरपते, जंतू आत उतरतात आणि साफ केलेला कॅनाल पुन्हा घाण होतो. गणपतीला गावी जायचंय म्हणून पुढचं सिटिंग महिनाभर लांबणार असेल तर तसं आधी सांगा. डॉक्टर वर जास्त टिकाऊ सिमेंट भरून देऊ शकतात.

लगेच रुग्णालयात जा, सकाळची वाट बघू नका: सूज जबड्याखाली मानेकडे उतरत असेल, जीभ वर ढकलली गेल्यासारखी वाटत असेल, गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, सुजेने डोळा मिटत असेल, थंडी वाजून ताप येत असेल. अशा वेळी दातांचा दवाखाना उघडायची वाट न बघता मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जायचं. सुजेला बाहेरून गरम शेक देऊ नका.

## ६. कॅनाल भरणं

पू थांबलेला, दाढ ठोकल्यावर फारशी दुखत नसलेली आणि कॅनाल कोरडा असेल तरच भरतात. कॅनाल ओला राहत असेल तर डॉक्टर आणखी एकदा औषध भरून पाठवतील. ‘अजून एक फेरी?’ म्हणून आग्रहाने भरून घेऊ नका.

भरायला गटापर्चा नावाच्या रबरासारख्या नारिंगी-गुलाबी काड्या आणि उरलेल्या फटी बुजवणारं सीलर वापरतात. शेवटी एक्स-रे काढतात. तो तुम्हीही बघा. भरलेला भाग पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. ती रेघ सलग हवी आणि मुळाच्या टोकापासून साधारण दोन मिलिमीटरच्या आत थांबलेली हवी. मधेच तुटलेली किंवा अर्ध्या मुळातच संपलेली दिसली तर कारण विचारा. कधी कारण खरंच असतं, कॅनाल पुढे बंद झालेला असतो.

तपासा: या एक्स-रेचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवा. पुढे कधी शंका आली तर तुलनेसाठी हाच लागतो.

## ७. कोअर आणि कॅप: दाढ इथे वाचते किंवा जाते

रूट कॅनालने दाढ ‘वाळते’ असं सांगितलं जातं. तिच्या मोडण्याचं मुख्य कारण वेगळं आहे. किडीने आणि उघडताना दाढेचं छप्पर गेलेलं असतं, बऱ्याचदा बाजूच्या भिंतीही. उरलेले सुळके चावताना बाहेरच्या बाजूला फाकतात. एक दिवस त्यांतला एक तुटतो. चीर हिरडीच्या वर थांबली तर नशीब, मुळात उतरली तर दाढ काढावीच लागते आणि आतापर्यंतचा सगळा खर्च वाया जातो.

क्रम असा:

१. कॅनाल भरल्यावर तात्पुरतं सिमेंट काढून पक्कं फिलिंग (कोअर). जमल्यास त्याच दिवशी, नाहीतर लवकरात लवकर. दात फारच कमी उरला असेल तर कोअरला आधार म्हणून मुळात पोस्ट बसवतात. पोस्टने दाढ मजबूत होते हा गैरसमज आहे, ती फक्त कोअरला धरते.

२. दुखणं शमलं की कॅपसाठी दाढ तासणं, माप किंवा स्कॅन. मागच्या दाढांना साधारण महिनाभराच्या आत कॅप बसवून टाका. पटाशीच्या दातात फक्त मागून छोटं भोक असेल आणि बाकी दात शाबूत असेल तर बऱ्याचदा फिलिंगवर भागतं, तिथे कॅपचा हट्ट नको.

३. लॅबमधून कॅप येईपर्यंत तात्पुरती कॅप. ती निघाली तर जपून ठेवा आणि परत लावून घ्या. तासलेली दाढ उघडी राहिली तर शेजारचे दात सरकतात आणि नवी कॅप बसत नाही.

४. कॅप घालून बघणं, मगच सिमेंटने चिकटवणं.

कुठली कॅप? पूर्ण धातूच्या कॅपला दात सगळ्यात कमी तासावा लागतो आणि ती टणक असते, फक्त दिसायला धातू. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप (पीएफएम) स्वस्त आणि दाताच्या रंगाची, पण जास्त तासावं लागतं, वरचं सिरॅमिक कधी टवका उडून जातं आणि हिरडीजवळ काळसर रेघ दिसू शकते. झिर्कोनियाची (एक टणक पांढरं सिरॅमिक) कॅप मजबूत आणि दिसायला बरी, पण महाग. रात्री दात खाण्याची सवय असेल तर निवडीआधी सांगा. आणि ‘दहा वर्षांची वॉरंटी’ असते ती कॅपची. कॅपखालच्या दाताला लागणारी कीड त्यात येत नाही.

कॅप चिकटवण्याआधी आणि नंतर हे तपासा:

- उंची. निळ्या किंवा लाल कागदावर चावायला सांगतात. दात मिटल्यावर फक्त कॅपच आधी टेकत असेल तर ती उंच आहे, तासून घ्या. इंजेक्शन दिलेलं असेल तर हे तुम्हाला नीट कळत नाही. घरी गेल्यावर उंच वाटली तर ‘सवय होईल’ म्हणून थांबू नका, दुसऱ्याच दिवशी जा. उंच कॅपने मुळाभोवतीचा पडदा रोज ठेचला जातो आणि चांगलं झालेलं रूट कॅनालही दुखत राहतं.
- फट. शेजारच्या दातामधून फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा धागा) किंचित अडकत, टक आवाज करत जायला हवा. सैल गेला तर तिथे अन्न अडकेल, अजिबात गेला नाही तर फार घट्ट आहे.
- कड. कॅपच्या कडेवर फ्लॉस तुटत किंवा पिंजत असेल तर कड नीट बसलेली नाही किंवा जादा सिमेंट राहिलं आहे.

चिकटवल्यावर पहिला दिवस चिकट, कडक काही नको.

## ८. नंतरची देखरेख

रूट कॅनाल झालेल्या दाढेला गार-गरम कळत नाही. म्हणून कॅपच्या कडेने नवी कीड शिरली तरी ती दुखून सांगत नाही, हळूच आतून पोखरत जाते. तिथे रोज ब्रश आणि फ्लॉस दोन्ही लागतात. तंबाखूची मिशेरी लावण्याची सवय असेल तर ती सोडण्याला आता आणखी एक कारण मिळालं.

सहा महिन्यांनी दाखवून या आणि वर्षाने पुन्हा छोटा एक्स-रे काढा. आधी मुळाच्या टोकाशी काळा डाग होता का, हे जुन्या एक्स-रेत बघा. तो लहान होत असेल तर हाड भरून येत आहे. मोठा डाग पूर्ण जायला चार वर्षंही लागू शकतात, त्यामुळे वर्षभरात तो थोडा उरलेला दिसला म्हणून लगेच पुन्हा उपचार करून घेण्याची घाई नको. डाग वाढत असेल, हिरडीवर पुळी परत आली असेल किंवा चावताना नेमक्या एकाच ठिकाणी कळ येत असेल तर मात्र शोध घ्यावा लागतो: न सापडलेला कॅनाल, कडेने झिरपणारी कॅप किंवा मुळाची चीर. एका साध्या एक्स-रेत हे दिसलं नाही तर सीबीसीटी स्कॅन (सगळ्या बाजूंनी दाखवणारा त्रिमितीय एक्स-रे) सुचवतात.

पहिल्या दोन कारणांत कॅनाल पुन्हा उघडून साफ करता येतो, किंवा हिरडीच्या बाजूने छोटी शस्त्रक्रिया करून मुळाचं टोक कापून बंद करता येतं. मूळ चिरलं असेल तर दाढ काढण्यावाचून सहसा इलाज नसतो. तीन मुळांच्या दाढेत कधी तेवढंच एक मूळ काढून बाकीची दाढ ठेवता येते. काढायला होकार देण्याआधी तेवढं विचारून घ्या.